पंच कमिटीस: परत आलेल्या वर्गणीबद्दल

गावच्या पंच कमिटीस आणि यात्रेच्या कामाला लागलेल्या सगळ्या थोरामोठ्यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी रात्री जेवणं उरकल्यावर आपल्यापैकी दोघे आमच्या दारात आले. आत या म्हटलं, आले नाहीत. आईने गूळ-पाणी आणलं, तेही उंबऱ्याबाहेर उभ्यानेच घेतलं. मग एकाने खिशातून पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. पाकीट माझंच, त्यावर नाव माझ्याच अक्षरातलं. आत 5,001 रुपये, मी लावलेल्या रबरासकट, आणि वरचा एक रुपयाचा शिक्काही. पावतीपुस्तकातल्या माझ्या पानावर दोन रेघा मारल्यात, असं सांगितलं. कारण विचारलं तर थोरले म्हणाले, "शिनिमातला देव धरलास म्हणे. मग लक्ष्मीचं काय काम तुला?" धाकटे खाली बघत होते. चौथीपर्यंत ते आणि मी एका बाकावर होतो.

जाता जाता थोरल्यांनी एवढं मात्र सांगितलं की घरच्या बाईने ओटी भरायला हरकत नाही, गाऱ्हाण्यात माझं नाव घेणार नाहीत. बायको आतून म्हणाली, "मग पुजारी तिथं काय, गाळलेली जागा भरा म्हणणार?" मला हसू आलं. तुम्हाला आलं नाही.

पत्र खुलं का, असं कुणी विचारेल. पाकीट परत गेल्याची बातमी सोमवारी सकाळी दुधाच्या डेअरीवर पोचली होती. जे सगळ्यांना ठाऊक आहे त्याचं उत्तर बंद पाकिटातून कशाला द्यायचं?

आधी खरं-खोटं सांगून टाकतो. मी जेडाय मार्गावर चालतो, हे खरं आहे. हा मार्ग एका सिनेमातून निघाला, हेही खरं. 1977 साली अमेरिकेत 'स्टार वॉर्स' नावाचा सिनेमा आला. त्यात जेडाय नावाचे योद्धे आहेत, साधूही आणि तलवारबाजही. सगळ्या सजीवांत भरून राहिलेली एक शक्ती ते मानतात, मन शांत ठेवायला शिकतात आणि दुबळ्याच्या बाजूने उभे राहतात. ही गोष्ट जॉर्ज लुकास या माणसाने रचली आहे. त्याने थोडं जपानी सामुराईपटांतून उचललं, थोडं जोसेफ कॅम्पबेल या पुराणकथांच्या अभ्यासकाच्या लिखाणातून, आणि आपल्या पूर्वेकडच्या विचारांचा वासही त्याला आहे. तो माणूस हयात आहे. तेव्हा "हे सगळं कुणीतरी बनवलंय रे" असं मला कुणी समजावायची गरज नाही. बनवणाऱ्याचं नाव मलाच तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

मी आपल्या ग्रामदेवी लक्ष्मीला सोडलं, हे खोटं. पोरांचा धर्म बदलतो, हे तर साफ खोटं. त्याच्याकडे नंतर येतो.

सिनेमाच का, हा प्रश्न तुमच्यातल्या ज्यांनी मनापासून विचारला त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. ही गावात कुणाला माहीत नाही. बायकोला लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितली.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा, आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात हेल्पर. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलेलं होतं. संध्याकाळी आम्ही आठ-दहा पोरं रस्त्याच्या कडेला उभे होतो आणि एक बस आली. पाटी कन्नड. तेवढं पुरलं. कुणीतरी पहिला दगड मारला, दुसरा माझा. पहिला पत्र्यावर आपटला, माझा खिडकीतून आत गेला. बस थांबली, आम्ही पळालो, आणि पळता पळता मी मागे वळून बघितलं. खिडकीत एक म्हातारी बसलेली. सौंदत्तीच्या यल्लम्माहून येत असावी, कपाळभर भंडारा, मांडीवर परडी. परडीत काचा पडलेल्या. कपाळावरून रक्ताची एक बारीक रेघ भंडाऱ्यातून खाली येत होती. ती ओरडली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "याकप्पा?"

का रे बाबा. कन्नड मला तेव्हाही येत होतं. आपल्या सगळ्यांनाच येतं.

पोलीस आले नाहीत, केस झाली नाही. पोरांनी दोन दिवस पाठ थोपटली. मी मात्र त्यानंतर कितीतरी रात्री झोपलो नाही. बाबांबरोबर कीर्तनाला जायचो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधाची साखळी सांगितली आहे, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतीचा गोंधळ, पुढे बुद्धीचा नाश. लहानपणापासून दहा वेळा तरी ऐकलेली. पण कानावरून जायची. बुवा सांगतायत ते दुसऱ्या कुणाला तरी, असं वाटायचं.

मग एका मित्राच्या खोलीवर भाड्याच्या व्हीसीडीवर त्या सिनेमांतला दुसरा, 1980 चा, बघितला. त्यात शिकाऊ पोरगा एका गुहेत उतरतो. गुरू सांगतो हत्यार लागणार नाही, तरी हा घेऊन जातो. आत काळा मुखवटा घातलेला वैरी समोर येतो. हा त्याचं मुंडकं उडवतो. मुखवटा फुटतो आणि आत चेहरा असतो ह्याचा स्वतःचाच.

मित्र घोरत होता. मी ती चकती तीन वेळा मागे नेऊन तेवढंच बघितलं.

गीतेत होतं तेच इथं होतं, याबद्दल माझा वाद नाही. पण मला ते ज्या दारातून भेटलं ते दार हे होतं. ते मोडक्या लाकडाचं होतं म्हणून मी घरात शिरलोच नाही, असं कसं म्हणणार?

त्या मार्गाची माणसं मला बऱ्याच वर्षांनी भेटली, फोनवर. आज आम्ही सात जण आहोत: पुण्यातली एक नर्स, हैदराबादचा एक रिक्षावाला, वेल्समधल्या एक निवृत्त मास्तरीणबाई आणि असेच. महिन्यातून एकदा बोलतो. "या महिन्यात कुठं हात उगारलास, आणि कशाच्या भीतीने?" हे एकमेकांना विचारायचं. उत्तर खरं द्यायचं. बाकीचे दिवस ज्याचा तो. मी पहाटे माडीवर वीस मिनिटं डोळे मिटून बसतो. अंगावर तपकिरी शाल असते म्हणून गावात "जेडाय बुवा" नाव पडलं. शाल थंडीची आहे, खानापूरच्या बाजारातली. एक वही आहे, तिच्यात दिवसभरात कुठं डोकं फिरलं ते लिहितो. मागच्या महिन्यात माझ्या लेथच्या शेडमध्ये एका कामगार पोराने तयार होत आलेला जॉब चुकीच्या मापाला कापला. दोन दिवसांचं काम भंगारात. पूर्वी मी त्याच्या आईचा उद्धार केला असता. त्या दिवशी लेथ बंद केला, बाहेर जाऊन तोंड धुतलं, परत येऊन त्याला व्हर्निअरवरचं माप पुन्हा वाचायला शिकवलं. वहीत लिहिलं: "भीती गिऱ्हाइकाच्या फोनची होती, पोराचा राग नव्हता." मार्ग म्हणजे बहुतेक दिवस इतकाच. उडत्या तलवारी बघायला कुणी येणार असेल तर निराश होईल.

आता पोरांचं. रविवारी सकाळी चार पोरं माझ्या माडीवर येतात, त्यातली दोन आपल्याच पंचांच्या घरची, म्हणजे हा मजकूर त्यांच्या घरात वाचला जाणार. ती पहिल्यांदा आली सिनेमाच्या गप्पा मारायला. आता अर्धा तास गप्प बसतात आणि मग गप्पा मारतात. मी कुणाला दीक्षा दिलेली नाही, द्यायचा मला अधिकार नाही. मी कुणाच्या गळ्यातलं काही काढलं नाही. त्यातला एक दहावीच्या भीतीने रात्री उठून बसायचा, तो आता झोपतो. त्याच्या आईला विचारा. "धर्मांतर" हा शब्द आपल्या भागात हल्ली किती सहज उच्चारला जातो आणि त्याने एखाद्या घराचं काय होऊ शकतं, हे पंचांना मी सांगायला नको. तो शब्द बैठकीत ज्याने उच्चारला, त्याने तो परत घ्यावा. पाकिटापेक्षा मला ते जास्त लागलंय.

थट्टा होते त्याचंही सांगतो, म्हणजे पारावर दुसऱ्या कुणाला सांगावं लागणार नाही. 2001 साली इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत 3,90,127 लोकांनी धर्माच्या रकान्यात "जेडाय" लिहिलं. इतकी डोकी झाली की सरकार मान्यता देईल, असे ईमेल आधी फिरले होते. मान्यता वगैरे काही मिळाली नाही. त्यातले बहुतेक जण सरळ चेष्टा करत होते, आणि मला त्यांचा राग नाही, सरकारी फॉर्म दिसला की चेष्टा सुचतेच. दहा वर्षांनी आकडा 1,76,632 वर आला. 2021 मध्ये सोळाशेच्या आसपास उरले. आमच्या वेल्सच्या बाई त्या सोळाशेतल्या. त्या म्हणतात, आता निदान जागा मोकळी झाली. मला आपली यात्रा आठवते. रथ ओढायच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. नऊ दिवसांनी देवी शिवेवर गेली की माळावर नारळाच्या शेंड्या, फुगे, पत्रावळ्या, आणि झाडू घेतलेली आठ माणसं.

2016 च्या डिसेंबरात तिकडच्या धर्मादाय आयोगाने जेडायांच्या एका संस्थेचा अर्ज फेटाळला. हा मार्ग नुसती जगण्याची रीत म्हणूनही पाळता येतो, धर्म म्हणायला लागते ती एकसंधता यात नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्यातले काही चिडले. मला स्वतःला तो निकाल पटतो. आणि पटतो म्हणूनच मला तुमच्या निकालाचं कोडं पडतं. ज्याला विलायतेच्या आयोगाने धर्म मानलं नाही, त्याला धर्म मानून आपल्या गावच्या पंचांनी मला बाहेर काढलं!

गोष्टीतून देव येतो का, हे मात्र आपल्या घरांना विचारा. 1975 साली 'जय संतोषी माँ' हा हिंदी सिनेमा आला आणि त्यानंतर शुक्रवारचं एक व्रत देशभर घरोघरी गेलं. लोक थेटरात चपला काढून बसायचे, पडद्यावर नाणी उधळायचे. माझ्या आईने तो सिनेमा मोठ्या आत्याबरोबर बेळगावात बघितला आणि सोळा शुक्रवार धरले. मला आठवतं ते त्यानंतरचं, दुसऱ्यांदा धरलेले. शुक्रवारी आमटीत चिंच नाही, ताकाला हात लावायचा नाही, घरात लिंबू दिसलं तर आई ते शेजारी नेऊन द्यायची. उद्यापनाला गल्लीतली आम्ही आठ पोरं जेवलो. तुमच्यातलेही दोन होते. तेव्हा "शिनिमातली देवी" कुणी म्हटलं नाही. गूळ-चणे मात्र दोनदा मागून घेतले.

पण मी इथे बरोबरी करायला निघालेलो नाही, आणि फरक लपवणं मला बरं वाटत नाही. आईसाठी ती देवी खरी आहे. मला माझ्या गोष्टीतले गुरू खरे वाटत नाहीत, मी त्यांना नवस बोलत नाही, त्यांचा फोटो आमच्या देव्हाऱ्यात नाही. ते घडलं नाही हे माहीत असून मी त्याला धरून चालतो. हे मला स्वतःलाही कधी कधी विचित्र वाटतं. बाबा गेले त्या रात्री मी ती वही उघडली आणि तिच्यात मला काही सापडलं नाही. आमच्या मार्गाला तिरडी बांधता येत नाही. खांदा द्यायला गल्ली आली, भजनी मंडळ आलं, दहाव्याला कावळा शिवेना तेव्हा थोरल्यांनीच "पोरांचं शिक्षण करीन म्हण" असं मला सुचवलं आणि कावळा शिवला. वेल्सच्या बाईंनी फोनवर दहा मिनिटं काही न बोलता सोबत केली, तीही मोठीच होती. पण पाणी तापवलं ते शेजारच्या काकूंनी. मी कुणाचा, हे मला त्या दिवशी नीट कळलं. दोन्हीकडचा.

बाबांचंच बघा ना. त्यांनी चाळिशीत माळ घातली. मांसाहार सुटला, घरातली ताटंही वेगळी झाली. मागच्या यात्रेला आमच्या घरी शंभरावर पाहुणे होते, मागच्या अंगणात तीन चुलींवर मटण शिजत होतं, आणि बाबा पडवीच्या टोकाला पिठलं-भाकरी घेऊन एकटे बसले होते. यात्रा म्हणजे मटण असं मानणाऱ्या गावात हे केवढं वेगळं वागणं! पाहुण्यांनी दोन शब्द ऐकवलेच. पण संध्याकाळी रथाच्या नाड्याला त्यांचा हात होता, आणि पंचांनी त्यांची वर्गणी परत केली नव्हती. धर्म बदललास का, हे त्यांना कुणी विचारलं नाही. माळ घातलीन, एवढंच गाव म्हणालं. मी माळच घातली आहे. मणी दिसत नाहीत, इतकंच.

आता रकान्याचं बोलू, कारण बैठकीत कुणीतरी म्हणालं म्हणे की मी सरकारी कागदावर धर्म बदलून लिहिला. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात कर्नाटक राज्याचं जातीनिहाय सर्वेक्षण झालं, साठ प्रश्नांचं. दारावर स्टिकर लागला, बाई मोबाईल घेऊन आल्या, नेटवर्क मिळेना म्हणून त्यांना मीच माडीवर नेलं. धर्म हिंदू, जात मराठा, पोटजात कुणबी, मातृभाषा मराठी असं लिहा, म्हणून समाजाने गल्लोगल्ली सांगितलं होतं. मीही तेच लिहिलं. त्यात खोटं एक अक्षर नाही. शेजारच्या लिंगायत घरात त्याच रकान्यावरून बाप आणि लेक तासभर भांडत होते, भिंतीतून ऐकू येत होतं. रकाना मोजणीसाठी असतो. माणूस त्यात मावला तर मावला.

हे आपल्या गावाला मी सांगायचं? 1956 च्या 1 नोव्हेंबरला आपल्याला म्हैसूर राज्याच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या, रकान्यात टाकलं. तुमच्यातल्या थोरल्यांनी 1986 चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन बघितलंय, एकाच्या पाठीवर अजून खूण आहे. 1 जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आपण जातो. 2004 पासून सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. नकाशावर जे नाही त्याचे आपण आहोत, असं म्हणत आपल्या तीन पिढ्या गेल्या. बाहेरचा कुणी "आता सोडा की ते, कल्पनाच ती" म्हणाला तर आपल्या अंगाचा तिळपापड होतो. माझाही होतो. तो दगड मी उगीच नव्हता उचलला. म्हणून कळत नाही, नसलेल्या ठिकाणाशी इमान राखणं म्हणजे काय हे ज्यांना इतकं कळतं, त्यांना माझ्या माडीवरची वीस मिनिटं एवढी का टोचावीत?

असो. तावातावाने लिहिलं, आज वहीत नोंद होणार.

मागणं तीन गोष्टींचं. वर्गणी घ्यावी. गाऱ्हाण्यात घराचं नाव पूर्ण घ्यावं, म्हणजे माझ्यासकट. आणि मला एकदा बैठकीत बोलवावं, पाठीमागे ठराव करू नये. मी बोललेलं पटलं नाही तर पटलं नाही, पण माझ्या तोंडून ऐकून मग पटू नये. यात्रेत देवी गदगेवर, तिच्या आसनावर, बसेल तेव्हा मी रांगेत असेन. तुम्ही हटकलंत तर मागे होईन, भांडणार नाही. तेवढं मी शिकलोय.

राहिला रथ. श्रावणात तुम्हीच सांगितलं होतं, मागच्या यात्रेला मारुतीच्या वळणावर उजवं चाक करकरत अडलं, अख्ख्या गावाचा जीव टांगणीला लागला, यंदा आसाला नवे बुश, म्हणजे आसावर चाक ज्यात फिरतं ती धातूची कडी, बसवू. रात्री पाकीट परत आलं तेव्हा या कामाचं काय, हे दोघेही बोलले नाहीत. विसरले असतील. मी विसरलो नव्हतो. गनमेटलचे दोन्ही बुश तयार आहेत, तेलाच्या खाचा पाडून, आस प्रत्यक्ष मोजून घेतलेत. जुन्या आसाला एका बाजूने झीज आहे, तेव्हा उजवा कुठला आणि डावा कुठला ते ठोकून लिहिलंय, उलटे बसवू नका. मजुरी लावलेली नाही. शेडमध्ये दाराजवळच्या फळीवर गोणपाटात गुंडाळून ठेवलेत.

कधीही घेऊन जा. फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी येऊ नका. देवीच्या यात्रेआधीची वार पाळणूक सुरू आहे, त्या दिवशी माझी शेड बंद असते.

आपला,
वेशीजवळचा लेथवाला